डिस्क ओढण्याआधी जेबॉडला विचारा

विचारणा थोडक्यात अशी: पुण्यात एरंडवण्याला पोस्ट-प्रॉडक्शनचा छोटा स्टुडिओ आहे. २४ स्लॉटचे दोन जेबॉड (सर्व्हरबाहेरच्या, नुसत्या डिस्कांच्या पेट्या) सेकंडहँड घेतलेत, एसएएस एचबीएला (डिस्क जोडायच्या सर्व्हरमधल्या कार्डाला) जोडलेत, सर्व्हरवर उबुंटू आणि त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम. एक डिस्क रीड एरर देते आहे. झेडएफएसच्या म्हणण्यानुसार ती एसडीक्यू (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव). पण ४८ स्लॉटपैकी एसडीक्यू नेमकी कुठे बसलीये हे कोणालाच माहीत नाही. शिवाय एका जेबॉडचे पंखे रात्रंदिवस फुल स्पीडने फिरतात, डबिंगवाले वैतागलेत. जेबॉडला ना वेब पॅनल, ना नेटवर्क पोर्ट. हे सगळं कमांड लाइनवरून बघता येईल का, आणि पंख्यांचा वेग कमी करता येईल का?

बघता येतं, आणि बऱ्यापैकी चालवताही येतं. पंख्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांचा वेग कमी करायची आज्ञा आहे, पण तुमच्या बाबतीत ती लागेल असं मला वाटत नाही. ते पुढे येईल. आधी डिस्क, कारण चुकीची डिस्क ओढली तर पंख्यांचा विषय आपोआप मागे पडेल.

जेबॉडच्या मागच्या आयओ मॉड्यूलमध्ये एक छोटा प्रोसेसर असतो. पंखे, पॉवर सप्लाय, तापमानाचे सेन्सर, प्रत्येक स्लॉटचे दिवे, सगळं त्याच्या अखत्यारीत. तो सर्व्हरशी बोलतो ते डिस्कांच्याच एसएएस केबलवरून, म्हणून वेगळा पोर्ट लागत नाही. या बोलण्याचे नियम एससीएसआयची (डिस्कांशी बोलायच्या भाषेची) मानकं ठरवणाऱ्या टी१० समितीच्या ‘एससीएसआय एन्क्लोजर सर्व्हिसेस’ या मानकात आहेत. आपण सगळे एसईएस म्हणतो. लिनक्सला हा प्रोसेसर आणखी एक एससीएसआय डिव्हाइस म्हणूनच दिसतो, फक्त त्याचा प्रकार १३. त्याच्याकडून माहिती घ्यायची ती ‘रिसीव्ह डायग्नोस्टिक रिझल्ट्स’ने आणि त्याला हुकूम द्यायचा तो ‘सेंड डायग्नोस्टिक’ने. या दोन एससीएसआय कमांड तुम्हाला हाताने पाठवाव्या लागत नाहीत, पण खाली काय चाललंय ते माहीत असलेलं बरं.

एपीटीने चार पॅकेजेस टाका: एसजी३-युटिल्स, एलएसएससीएसआय, एलईडीमॉन आणि स्मार्टमॉनटूल्स. पहिली दोन डग्लस गिल्बर्ट यांची. आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन छोट्या लिपीत टाकायच्या. सुरुवात अशी:

एलएसएससीएसआय -जी

डिस्कांच्या ओळीत ‘डिस्क’ लिहिलेलं असतं. ज्या ओळीत ‘एन्क्लोसु’ असं अर्धवट तुटलेलं नाव दिसेल ती जेबॉडची. ओळीच्या शेवटी /डेव्ह/एसजी२४ असं काहीतरी असेल, ते टिपून ठेवा. जेबॉड दोन असून ओळी चार दिसल्या तर दचकू नका: प्रत्येक जेबॉडमध्ये बहुधा दोन आयओ मॉड्यूल असतात आणि दोन्हींच्या केबल लावल्या असतील तर दोन्ही प्रोसेसर दिसतात. कुठल्या दोन ओळी एकाच जेबॉडच्या ते ओळखायला एन्क्लोजरचा लॉजिकल आयडेंटिफायर बघा. जोडीचा तो सारखाच येतो. आणि नव्या ब्रॉडकॉम एचबीएवर ‘व्हर्च्युअलएसईएस’ नावाची आणखी एक ओळ येऊ शकते. तो कार्डाने स्वतःच उभा केलेला कागदी जेबॉड आहे, त्याला पंखेबिंखे काही नाहीत. त्याच्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य आज्ञा, एसजी३-युटिल्समधली एसजी_एसईएस. आठवड्यातून एखाद्या वेळी का होईना, ही चालवायची सवय ठेवा:

सुडो एसजी_एसईएस --जॉइन /डेव्ह/एसजी२४

एसईएसची माहिती वेगवेगळ्या पानांत विखुरलेली असते. पान १ मध्ये जेबॉडमध्ये काय काय बसवलंय त्याची जंत्री, पान २ मध्ये प्रत्येकाची स्थिती, पान ७ मध्ये नावं, आणि पान १० मध्ये कुठल्या स्लॉटला कुठला एसएएस पत्ता ते. ‘जॉइन’ हे सगळं जुळवून प्रत्येक घटकाखाली एकत्र मांडतं. एका स्लॉटचं आउटपुट साधारण असं दिसतं (मधल्या ओळी गाळल्यात):

स्लॉट ०५ [०,४] एलिमेंट टाइप: अ‍ॅरे डिव्हाइस स्लॉट
प्रेडिक्टेड फेल्युअर=०, डिसेबल्ड=०, स्वॅप=०, स्टेटस: ओके
डू नॉट रिमूव्ह=०, आयडेंट=०
फॉल्ट सेन्स्ड=०, फॉल्ट रिक्वेस्टेड=१, डिव्हाइस ऑफ=०
डिव्हाइस स्लॉट नंबर: ५
एसएएस अ‍ॅड्रेस: ०एक्स५०००...

एवढ्याशा तुकड्यात चार गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. पहिली, ‘स्टेटस: ओके’. हे डिस्कच्या तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हे. स्लॉटमध्ये काहीतरी बसलंय आणि वीज-संपर्क ठीक आहेत, एवढंच त्यातून कळतं. हजारो खराब सेक्टर असलेली डिस्कही इथे ओके दिसते. डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएलला (स्मार्टमॉनटूल्समधली आज्ञा) विचारा. दुसरी, ‘फॉल्ट सेन्स्ड’ आणि ‘फॉल्ट रिक्वेस्टेड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं म्हणजे जेबॉडला स्वतःला बिघाड जाणवला. दुसरं म्हणजे सर्व्हरवरून कुणीतरी ‘इथला लाल दिवा लाव’ असं सांगितलंय. आधी कुणीतरी लावलेला असा ‘रिक्वेस्टेड’ दिवा विझवायचा राहून गेला, तर माणूस चांगल्या डिस्कवर संशय घेत बसतो.

तिसरी, चौकटी कंसातले आकडे. [०,४] म्हणजे शून्य क्रमांकाच्या प्रकारातला चौथ्या क्रमांकाचा घटक, मोजणी शून्यापासून. नावात मात्र ‘स्लॉट ०५’ आहे आणि डिव्हाइस स्लॉट नंबरही ५. म्हणजे ‘--इंडेक्स=०,५’ दिलंत तर दिवा सहाव्या स्लॉटचा लागेल. म्हणून स्लॉटच्या बाबतीत मी इंडेक्स वापरतच नाही; ‘--डेव्ह-स्लॉट-नम=५’ देतो. त्यातही दर्शनी पट्टीवर छापलेले आकडे काही कंपन्या ० पासून मोजतात तर काही १ पासून, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावंच लागतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, एसएएस अ‍ॅड्रेस. स्लॉट आणि एसडीक्यू यांना जोडणारा धागा हाच.

एलएसएससीएसआय -टी

ही आज्ञा प्रत्येक डिस्कसमोर तिचा एसएएस पत्ता छापते. तोच पत्ता जॉइनच्या आउटपुटमध्ये शोधला की स्लॉट मिळाला. इथे पुष्कळजण घसरतात ते स्टिकरवरच्या डब्ल्यूडब्ल्यूएनशी (डिस्कचा जगात एकमेव असा ओळख-आकडा) पत्ता जुळवायला जाऊन. एसएएस डिस्कला दोन पोर्ट असतात आणि दोन्ही पोर्टांचे पत्ते डिस्कच्या मुख्य आकड्यापेक्षा शेवटच्या अक्षरात वेगळे असतात. एका मॉड्यूलमधून एक दिसतो, दुसऱ्यातून दुसरा. आणि साटा डिस्क असेल तर तिला स्वतःचा एसएएस पत्ताच नसतो, एक्सपांडर (एका केबलवर अनेक डिस्क जोडणारी जेबॉडमधली चिप) तिच्या वतीने एक पत्ता तयार करून देतो. त्याचा स्टिकरशी संबंध नाही. तेव्हा पत्ता जुळवायचा तो एलएसएससीएसआयशी, स्टिकरशी नाही. स्टिकरवरून जुळवायचा तो सीरियल नंबर, आणि तोही सगळ्यात शेवटी.

कर्नलचं एसईएस मॉड्यूल लोड झालेलं असेल (बहुधा आपोआप होतंच) तर हेच काम आणखी सोपं आहे:

एलएस -डी /सिस/ब्लॉक/एसडीक्यू/डिव्हाइस/एन्क्लोजर_डिव्हाइस*

उत्तरात ‘एन्क्लोजर_डिव्हाइस:स्लॉट ०५’ असं येईल. एका ओळीत निकाल. पण लक्षात घ्या, कर्नलही ही जोडणी पान १० वरूनच करतो. काही जेबॉडच्या फर्मवेअरमध्ये त्या पानावरची मोजणी एकाने सरकलेली असते. त्या पानात प्रत्येक प्रकाराचा ‘ओव्हरऑल’ घटक धरायचा की नाही याबद्दल उत्पादकांचा पूर्वापार घोळ आहे. मग एसजी_एसईएस आणि कर्नल दोघंही अगदी एकमताने शेजारचा स्लॉट सांगतात. एसजी_एसईएसला ‘--ईआयआयओई=फोर्स’ नावाचा पर्याय आहे तो या घोळासाठीच. तो लागतो का हे कळायचा मार्ग एकच: दिवा लावून, समोर उभं राहून बघणं.

दिवा असा लागतो:

सुडो एसजी_एसईएस --डेव्ह-स्लॉट-नम=५ --सेट=आयडेंट /डेव्ह/एसजी२४

विझवायला ‘--सेट’ऐवजी ‘--क्लिअर’. डिस्कच्या नावावरूनच लावायचा असेल तर एलईडीमॉनमधली आज्ञा ‘एलईडीसीटीएल लोकेट=/डेव्ह/एसडीक्यू’ आणि विझवायला ‘लोकेट_ऑफ’. किंवा /सिस/क्लास/एन्क्लोजर खालच्या त्या स्लॉटच्या ‘लोकेट’ फाइलमध्ये १ लिहायचा. तिन्ही वाटा एकाच प्रोसेसरपर्यंत जातात. एसजी_एसईएस आधी सध्याची स्थिती वाचतो, तेवढा एक बिट बदलतो, त्या घटकाचा ‘सिलेक्ट’ बिट लावतो आणि सगळं पान परत पाठवतो. ‘सिलेक्ट’ नसलेल्या घटकांकडे जेबॉड ढुंकूनही बघत नाही, म्हणून एका स्लॉटचा दिवा लावताना बाकीच्या २३ ना धक्का लागत नाही.

प्रत्यक्षात हे काम दोघांनी फोनवर होतं. एक कीबोर्डवर, एक रॅकसमोर. भोसरीतल्या एका कारखान्यात आमचं संभाषण असं झालं होतं.

‘दादा, लावलाय. दिसतोय का?’

‘सर, इथे दोन लुकलुकतायत.’

‘भरभर कुठला आणि सावकाश कुठला?’

‘वरच्या ओळीतला भरभर. खालचा आपला निवांत.’

‘आता विझवतोय. कुठला थांबला?’

‘वरचा.’

‘परत लावतो. लागला? त्याच्या कडेच्या स्टिकरवरचे शेवटचे चार आकडे वाचा.’

खालचा निवांत होता तो रीबिल्डचा (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरला जात होता). दिव्यांच्या या खुणांचंही मानक आहे, आयबीपीआय नावाचं: जागा दाखवणारा दिवा सेकंदाला ४ वेळा लुकलुकतो, रीबिल्डचा सेकंदाला एकदा, आणि बिघाडाचा स्थिर जळतो. ज्या जेबॉडवर स्लॉटला एकच पिवळा दिवा असतो तिथे एवढ्या फरकावरच सगळी भिस्त. म्हणून ‘लागला का’ एवढं विचारून थांबायचं नाही. विझवून, पुन्हा लावून, मगच हात घालायला सांगायचं.

कॅरियरमुळे स्टिकर दिसत नसेल, किंवा डिस्क पार मेलेली असल्यामुळे ती यादीतच नसेल, तर उलट्या बाजूने जा. तिच्या डाव्या-उजव्या शेजारणींचे दिवे लावा आणि मधली उचला. दिवेच चालत नसतील तर चांगल्या डिस्कवर डीडीने सलग वाचन लावा. जिचा हिरवा दिवा अखंड फडफडतोय ती ती चांगली डिस्क, तिला हात लावायचा नाही. आणि काढण्यापूर्वी ‘झेडपूल ऑफलाइन’ने ती डिस्क पूलमधून (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कांच्या साठ्यातून) बाजूला करायला विसरू नका. स्लॉटची वीज तोडायची सोयही एसईएसमध्ये आहे, ‘डिव्हाइस ऑफ’ बिटाची. अडकून बसलेली डिस्क दूरवरून बंद-चालू करायला ती उपयोगी पडते, पण आधी ऑफलाइन, मग सिसएफएसमधून (/सिस खालच्या फाइलींतून) डिलीट, मगच वीज. स्लॉटच्या आकड्याचा वर सांगितलेला घोळ मिटवल्याशिवाय या बिटाला हात लावू नये. चुकीचा दिवा लागला तर दिवाच लागतो. चुकीच्या स्लॉटची वीज गेली तर पूल जातो.

माझा आग्रह असा की ही सगळी जुळवाजुळव डिस्क बिघडल्यावर करायचीच नाही. आज एसडीक्यू बदलली की एक दुपार काढा आणि ४८ स्लॉटचा तक्ता करा: जेबॉड, स्लॉट, सीरियल नंबर. प्रत्येक ओळ दिवा लावून पडताळा. मग झेडएफएसच्या व्हीडेव्ह_आयडी फाइलमध्ये नावंच तशी द्या, म्हणजे पूलची स्थिती बघताना एसडीक्यूऐवजी ‘अ-०५’ दिसेल. एसडी अक्षरं रीबूटनंतर बदलतात, स्लॉट बदलत नाही. झेडएफएसच्या घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या झेडईडी सेवेत ‘झेडईडी_यूझ_एन्क्लोजर_एलईडीज=१’ (हे मात्र मोठ्या रोमन अक्षरांत) लावलं की डिस्क फॉल्टेड झाल्यावर तिचा लाल दिवा आपोआप लागतो. दोन्ही जेबॉडना एसईएसमधूनच टोपणनावंही देता येतात, ‘--निकनेम’ने. फर्मवेअरने ती सोय दिली असेल तर नक्की द्या.

आता पंखे.

तुमच्या दोनपैकी एकच जेबॉड ओरडतोय, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही एकाच मॉडेलचे असतील तर हा स्वभाव नव्हे, तक्रार आहे. जॉइनच्या आउटपुटमध्ये पॉवर सप्लायच्या ओळी बघा. बहुतेक जेबॉडची रीत अशी की दोनपैकी एक सप्लाय गेला, किंवा एका सप्लायची, मॉड्यूलची जागा उघडीच राहिली, की हवा भलत्याच भोकातून जाते म्हणून उरलेले पंखे पूर्ण वेगाने सोडायचे. तापमानाचा एखादा सेन्सर वाचता येत नसेल तरीही तेच; प्रोसेसर वाईटात वाईट गृहीत धरतो. सप्लायखाली ‘एसी फेल=१’ (बाहेरची वीज येत नाही) दिसलं तर सप्लाय मेला असं समजून नवा मागवू नका, आधी मागे जाऊन केबल आणि सॉकेट बघा. ‘डीसी फेल=१’ असेल तर मात्र सप्लायच. ‘स्टेटस: नॉट इन्स्टॉल्ड’ असेल आणि तुम्हाला तो बसलेला दिसत असेल, तर नीट खटकन बसलेला नाही. स्टुडिओत पुष्कळदा एक सप्लाय यूपीएसवर आणि दुसरा भिंतीतल्या साध्या सॉकेटवर असतो आणि त्या सॉकेटचं बटण कुणीतरी सफाईच्या वेळी बंद केलेलं असतं.

हे सगळं ठीक निघालं तरच वेगाला हात घाला. पंख्याच्या ओळीत वेग आरपीएममध्ये दिसतो. तो १० च्या पटीत मोजला जातो, म्हणून शेवटचा आकडा कायम शून्य. शेजारी १ ते ७ असा स्पीड कोड असतो, १ सगळ्यात हळू. आउटपुटमधला पंख्याचा कंस, समजा [२,०], घेऊन:

सुडो एसजी_एसईएस --इंडेक्स=२,० --सेट=३:२:३=२ /डेव्ह/एसजी२४

म्हणजे बाइट ३ मधल्या बिट २ पासूनच्या तीन बिटांत २ लिही. लिहिलं म्हणजे झालं असं नाही. पुष्कळ फर्मवेअर ही विनंती मुकाट्याने गिळतात, किंवा थोड्या वेळाने आपल्या मनासारखा वेग परत लावतात. मानकातही ती विनंतीच आहे, जेबॉडने ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही. ऐकलंच, तर पुढचे काही तास स्मार्टसीटीएलने मधल्या ओळीतल्या डिस्कांचं तापमान बघा. एंटरप्राइज डिस्कांवर कामाची मर्यादा बहुधा ६० अंश छापलेली असते, पण मी ४५ च्या वर गेलं की वेग वाढवतो. आणि शांत पंखे आणून बसवायचा मोह टाळा. कमी आरपीएमचा पंखा बघून प्रोसेसर त्याला बिघडलेला ठरवतो आणि बाकीचे आणखी जोरात सोडतो. विकत घेतलेल्या शांततेचं नेमकं उलटं होतं. डबिंगसाठी खरा उपाय म्हणजे जेबॉड दुसऱ्या खोलीत. एसएएसची बाहेरची तांब्याची केबल काही मीटरपर्यंत खुशाल चालते.

तापमानाबद्दल पुण्यातली एक गोष्ट बोलायलाच हवी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा रॅक यूपीएसवर असतो आणि एसी नसतो. बॅटरी जितकी चांगली, तितका जास्त वेळ जेबॉड बंद खोलीत स्वतःला भाजत राहतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी असताना हे फार झपाट्याने होतं. एसईएसमध्ये प्रत्येक सेन्सरच्या चार मर्यादा पान ५ वर असतात: वरची धोक्याची, वरची इशाऱ्याची, आणि तशाच खालच्या दोन. कारखान्यातून आलेली वरची इशाऱ्याची मर्यादा बहुधा फार उंच असते. ती ओलांडली जाईपर्यंत खोलीची भट्टी झालेली असते. मी ती मर्यादा बदलत नाही, स्क्रिप्टमध्ये स्वतःची ठेवतो: हवा आत येते तिथला सेन्सर रोजच्या आकड्यापेक्षा ८ अंश वर गेला की संदेश, आणि १५ वर गेला की सर्व्हर सभ्यपणे बंद. तुमचे आकडे तुमच्या खोलीप्रमाणे ठरवा, पण एसी यूपीएसवर नसेल तर हे बंद करायचं काम माणसावर सोडू नका.

त्या स्क्रिप्टबद्दल थोडं. पान २ च्या सुरुवातीलाच पाच झेंडे असतात: इनव्हॉप, इन्फो, नॉन-क्रिट, क्रिट, अनरिकव्ह. पुस्तकी पद्धत अशी की यातले शेवटचे तीन (किरकोळ, गंभीर आणि न सावरणारा बिघाड) शून्य असतील तर सगळं आलबेल. प्रत्यक्षात सेकंडहँड जेबॉडमध्ये नॉन-क्रिट कायमचा १ असतो, कधी न बसवलेल्या अलार्ममुळे, कधी कशामुळे. मग रोज इशारा येतो आणि महिन्याभरात सगळे तो न वाचता पुसायला लागतात. त्यापेक्षा सगळं नीट असतानाचं जॉइनचं आउटपुट ‘--फिल्टर’ लावून फाइलमध्ये ठेवा. फिल्टरने शून्य असलेले बिट गळून जातात आणि फाइल वाचण्याजोगी राहते. मग दर ५ मिनिटांनी नवं आउटपुट काढा, तापमान, व्होल्टेज आणि आरपीएमच्या ओळी वगळा, आणि डिफने तुलना करा. फरक पडला की तोच फरक संदेशात पाठवा. ‘पॉवर सप्लाय २ ओके होता, आता क्रिटिकल’ असा मजकूर कुणीही समजतो. दोन्ही मॉड्यूलना विचारा. एकाने उत्तरच दिलं नाही तर तीही बातमीच. पण दर दोन-चार सेकंदांनी विचारत बसू नका. त्या बिचाऱ्या प्रोसेसरची ताकद बेताची असते आणि काही जुनी मॉड्यूल अतिप्रश्नांनी गप्प होतात, मग वीज बंद-चालू केल्याशिवाय बोलत नाहीत.

परवानग्यांचंही बघा. एसजी_एसईएसला रूट लागतं, आणि ज्याला तो पूर्ण मोकळा दिला त्याला स्लॉटची वीजही तोडता येते. ऑपरेटरला फक्त दिवा लावण्या-विझवण्याची छोटी स्क्रिप्ट सुडोमधून द्या. तिच्यात दहा मिनिटांनी दिवा आपोआप विझेल असं करा, कारण विझवायला कोणीही परत येत नाही. आयओ मॉड्यूलचं फर्मवेअर याच मार्गाने बदलता येतं. इंटरनेटवरून उतरवलेलं फर्मवेअर चढवायची हौस चालू पूलवर करू नये, एवढंच सांगतो.

बाकी यंत्रांबद्दल भराभर. सर्व्हरच्याच पोटातल्या साध्या बॅकप्लेनला (डिस्क जिच्यात खोचतात ती पट्टी) एक्सपांडर नसेल तर एसईएस नसतं. दिवे एसजीपीआयओवरून (दिव्यांसाठीच्या वेगळ्या तारांवरून) एलईडीसीटीएल चालवतो आणि पंखे-तापमान आयपीएमआयटूलला विचारायचं. रेड कार्डामागे (अनेक डिस्क स्वतःच एकत्र बांधणाऱ्या कार्डामागे) जेबॉड असेल तर कार्ड तो सर्व्हरला दाखवेलच असं नाही. तिथे स्टोअरसीएलआय या कार्डाच्या आज्ञा-साधनाने ‘/सी०/ई२५२/एस५ स्टार्ट लोकेट’ अशा धाटणीची आज्ञा चालते. फ्रीबीएसडीवर सेसयुटिल आहे, ‘सेसयुटिल मॅप’ आणि ‘सेसयुटिल लोकेट डीए५ ऑन’, आणि खरं सांगायचं तर ते एसजी_एसईएसपेक्षा हाताला सोपं आहे. एनव्हीएमईची दुनिया वेगळी, तिथे दिव्यांची सोय पीसीआय एक्सप्रेसमधूनच येते. पण नवा एलईडीसीटीएल तेही बऱ्यापैकी ओळखतो.

तिसरा जेबॉड पुन्हा सेकंडहँडच घेणार असाल तर डीलरच्या दुकानातच, त्याच्याच सर्व्हरवर, दोन्ही मॉड्यूलमधून जॉइन चालवून बघा. सगळे स्लॉट भरलेले नसले तरी चालतील. एकच डिस्क प्रत्येक ओळीत फिरवून स्लॉट दिसतो का आणि दिवा लागतो का ते तपासा. पंखा, सप्लाय किंवा सेन्सरपैकी कुणाचंही स्टेटस ‘अननोन’ किंवा ‘क्रिटिकल’ आलं तर तो भाग तिथेच बदलून मागा. घरी आणल्यावर त्या कनेक्टरचा सुटा पंखा शोधायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची सगळी तपकीर गल्ली पालथी घातलीत तरी मिळायचा नाही.